बाबांचं तेवीस नंबरचं इंजिन

मुलुंड पूर्व
रविवार, १४ जानेवारी २०२४

मुकुल,

फोन तू उचलत नाहीस, मेसेज उघडत नाहीस, म्हणून हे पत्र. चौतीस वर्षं पोस्टात काढली आहेत, पाकीट पोचतं एवढा माझा विश्वास आहे. फाडायचं असेल तर फाड, पण पुढची ओळ वाचून फाड.

आज मला आपल्या बाबांचं सतरा नंबर सापडलं.

हो, सतराच. ईएफ सहासष्ट, निळं, नाक पुढे काढलेलं. आमच्या पोस्टातल्या रुचिराच्या मुलीचं केळवण होतं घाटकोपरला. जेवून खाली उतरले तर बाजूच्या शाळेच्या हॉलवर कागद चिकटवलेला: ‘जपानी विजेच्या इंजिनांची मॉडेल्स. प्रवेश मोफत.’ पाय आपोआप वळले असं म्हणणार नाही. मी पुढे गेले, रिक्षाला हात केला, रिक्षा थांबली आणि मग मी म्हटलं, जाऊ दे. रिक्षावाला जे बोलला ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

आत टेबलांवर रूळ मांडलेले. तेच, नऊ मिलिमीटरचे. एका गाडीला चोवीस डबे लावले होते आणि ती डोंगराला वळसा घालून येत होती. खरं सांगते, आपल्या काचेच्या कपाटात ही इंजिनं नुसती उभी असायची तेव्हा मला त्यांचा कंटाळा यायचा. धावताना पाहिली आणि मी टेबलाच्या कडेला खेटून उभी राहिले. मग कडेच्या ट्रेकडे लक्ष गेलं. त्यात नऊ इंजिनं होती. तिसऱ्यावर नजर अडकली.

तिथे एक चाळिशीचा माणूस उभा होता. त्याला म्हटलं, “हे उलटं करून दाखवता का?”

“काकू, उलटं कशाला?”

“दाखवा ना.”

त्याने उलटं केलं. पोटाला तांदळाच्या दाण्याएवढा कागद, त्यावर काळ्या शाईत, बाबांच्या अक्षरात, १७. मी होते तिथेच खुर्ची ओढून बसले. तो बिचारा पाणी घेऊन धावत आला.

त्याला सगळं सांगितलं. माझे वडील मार्तंड वर्तक इलेक्ट्रिकल इंजिनियर होते. चौऱ्याहत्तर साली कंपनीने सहा महिने जपानला पाठवलं, तिथून पहिलं इंजिन आणलं, आणि पुढे तीस वर्षांत कपाटात सत्तेचाळीस झाली. प्रत्येकाच्या पोटाला नंबर. तो ऐकतच राहिला. त्याचं नाव सुशांत परब, जोगेश्वरीला राहतो, कॅमेरे दुरुस्त करतो. ती नऊच्या नऊ त्याने दोन हजार तेरा साली भांडुपच्या एका भंगारवाल्याकडून घेतली होती. म्हणाला, “काकू, हे आकडे लिहिणारा माणूस कोण असेल, याचा मी अकरा वर्षं विचार करतोय.”

इंजिनांचे खोके चुकून भंगारात गेले, असं मी त्याला सांगितलं.

नऊ आहेत, मुकुल. सत्तेचाळीसपैकी नऊ.

सुनंदा


मुलुंड पूर्व
१२ फेब्रुवारी २०२४

मुकुल,

पहिलं पत्र परत आलं नाही, म्हणजे तुला मिळालं. वाचलंस की नाही ते मी धरून चालत नाही.

काल सुशांतच्या घरी गेले होते. जोगेश्वरीला, गुंफांच्या मागच्या बाजूला, तिसरा मजला. दोन खोल्या आणि त्यातल्या एका खोलीभर रूळ. पलंगाखालून जातात, कपाटाच्या पाठीमागून बाहेर येतात. त्याची आई शेवंतीबाई दारातच म्हणाली, “ये गो बाय, बस. ह्येका इंजिनाशिवाय काय सुचता?” आणि मला गरम घावणे वाढले.

मी नऊ इंजिनं मागितली. तो नाही म्हणाला. अगदी सरळ.

“काकू, विकणार नाही, खोटं कशाला बोलू? दोन तर बंद होती, मी जिवंत केली. पण तुम्ही या, कधीही या. चालवा.”

राग यायला हवा होता. पण त्याने माझ्या हातात ती नियंत्रणाची डबी दिली, म्हणाला, गोल बटण हळू फिरवा. आणि मी बाबांचं सतरा नंबर चालवलं. एकसष्ट वर्षांची बाई, तोंडात घावण्याचा तुकडा. पलंगाखालून ते बाहेर आलं तेव्हा पुढचे दिवे लागले होते. मला माहीतच नव्हतं त्याला दिवे आहेत. दुपारी तीनला गेले ती सहाला निघाले.

तुला माहीत असेल, पण मला कालच कळलं: ई म्हणजे इलेक्ट्रिक, आणि पुढचं अक्षर म्हणजे चाकं फिरवणारे आस किती. एबीसीडीत एफ सहावा, म्हणून ईएफला सहा आस. ईडीला चार. ईएचला आठ. एवढं सोपं. मी त्या घरात वाढले, शेवटची पाच वर्षं बाबांचं सगळं केलं, आणि मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं, कारण “सुनंदा, हात लावू नकोस” याच्यापुढे बोलणं जायचंच नाही. तू पाच वर्षांचा असताना बाबा तुला मांडीवर घेऊन कापसाने त्यांची धूळ पुसायला शिकवत होते. तुझी चूक नव्हती ती. तू पाच वर्षांचा होतास. पण मी बारा वर्षांची होते आणि दारात उभी होते.

असो. येत्या रविवारी परत जाणार आहे. रूळ साफ कसे करायचे ते तो शिकवणार आहे.

सुनंदा


मुलुंड पूर्व
रविवार, ५ मे २०२४

मुकुल,

भांडुपचा तो भंगारवाला सापडला. खंडू. वय झालंय, दुकान मुलगा बघतो, हा बाहेर खुर्ची टाकून बसतो. सुशांत बरोबर होता. मी इतक्या खुशीत गेले होते की वाटेत त्याच्यासाठी चिकूसुद्धा घेतले.

खंडूने मला ओळखलं. मी त्याला ओळखायच्या आधी.

“तुम्ही मुलुंडच्या ताई. दोन खोके. खेळण्यांच्या गाड्या.”

सुशांत म्हणाला, “हो, चुकून दिले होते ना, तेच.”

खंडू हसला. म्हणाला, “चुकून कशाला? मी दोनदा विचारलं, ताई, नवं सामान आहे, नक्की द्यायचं? तर म्हणाल्या, वडील दुपारचे झोपलेत, उठायच्या आत घेऊन जा. आणि कुणी मागायला आलं तर देऊ नकोस.”

सुशांतने माझ्याकडे बघितलं नाही. त्याबद्दल मी त्याची आभारी आहे. चिकूची पिशवी खंडूच्या मांडीवर ठेवली आणि घरी आले. आज चार दिवसांनी लिहितेय.

तर खरं हे आहे. तुला तेव्हा फोनवर सांगितलं होतं की रंगकाम चालू होतं, खोके गॅलरीत होते, बाईने दिले. आपल्याकडे तेव्हा बाई नव्हतीच. मी दिले.

मे महिना होता. सकाळी बाबांना आंघोळ घातली, पेज भरवली. मग ते कपाटापुढे बसले आणि एकेकाकडे बोट दाखवून नंबर म्हणायला लागले. ईएफ अठ्ठावन्न. ईएफ पासष्ट. ईडी पंच्याहत्तर. एक चुकलं नाही. मला एवढा आनंद झाला रे. वाटलं, आज डोकं ठिकाणावर आहे. मी जवळ बसले, म्हटलं, बाबा, आणि मी कोण?

ते माझ्याकडे अगदी सभ्यपणे बघून म्हणाले, “बाई, आपली ओळख नाही. मुकुल आला की त्याला विचारा.”

चार वर्षं. चार वर्षांत मी एकदा गावाला गेले नव्हते, एक नाटक बघितलं नव्हतं. सत्तेचाळीस इंजिनांची नावं होती आणि माझं नव्हतं. तुझं होतं.

ते झोपले आणि मी खोके भरले. भरताना मला बरं वाटत होतं, हेही लिहिते. उठल्यावर त्यांनी रिकामं कपाट पाहिलं. पुढच्या वर्षी जाईपर्यंत रोज सकाळी त्या कपाटासमोर बसायचे. तू दोन दिवसांनी आलास, कपाट बघितलंस आणि खाली उतरलास तो बाबांच्या दहाव्यालाच भेटलास. तेव्हाही माझ्याशी बोलला नाहीस. बरोबर केलंस, असं मी म्हणणार नाही. पण तुला जे वाटत होतं ते खरं होतं.

एवढंच. उरलेल्या खोक्याचा माग खंडूने सांगितलाय, तो लिहायला आज बळ नाही.

सुनंदा


मुलुंड पूर्व
२० जून २०२४

मुकुल,

तुझं कार्ड आलं. अकरा वर्षांनी तुझं अक्षर. पोस्टमनला मी चहा पाजला, त्याला काही कळेना.

एकच ओळ लिहिलीयस: ‘रुपेरी मिळालं का?’

नाही मिळालं. पण तू विचारलंस ना, आता बघ. सुशांतला फोन केला, म्हटलं, तेवीस नंबर शोधायचंय, ते रुपेरी पत्र्याच्या अंगाचं. तो ओरडलाच. “काकू, ईएफ एक्क्याऐंशी, तीनशेतीन? तुमच्या बाबांकडे ते होतं?” मग तासभर त्याने माझं डोकं खाल्लं. जपानात दोन बेटांच्या मधे समुद्राखालून बोगदा आहे. खारं पाणी ठिबकतं, साध्या इंजिनाचा पत्रा गंजतो. म्हणून स्टेनलेस स्टीलच्या अंगाची चारच इंजिनं बांधली. रेल्वेवेडे लोक तिथे त्याला रुपेरी हंडा म्हणतात. हे सगळं बाबांनी तुला सांगितलं असणार. मला आता कळतंय, आणि आता कळलं तरी मजा येतेच आहे.

दुसरी बातमी. मी माझं स्वतःचं इंजिन घेतलं. जपानहून मागवलं, सुशांतच्या ग्रुपमधल्या एकाबरोबर आलं. ईएच पाचशे. आठ आस, दोन धडं एकमेकांना जोडलेली, लाल, आणि अंगावर एका गोष्टीतल्या दांडग्या पोराचं चित्र, किंतारो त्याचं नाव. बाबांकडे हे नव्हतं. मुद्दाम नसलेलंच घेतलं. डबी उघडली तेव्हा त्याला येतो ना, नव्या प्लॅस्टिकचा आणि तेलाचा वास, तो येत होता. पोटाला कागद लावला आणि लिहिलं, १. मग दुसऱ्याची यादी करायला बसले. वाट लागली आहे माझी.

आता खोक्याचं. खंडूने दुसरा खोका बोरिवलीच्या एका खेळणीवाल्याला दिला होता. फुटपाथवर बसायचा, नाव दशरथ. तू तिथे, म्हणून बोरिवली माझ्यासाठी गेली अकरा वर्षं परदेश होती. आता जावं लागणार.

सुनंदा


मुलुंड पूर्व
रविवार, ८ डिसेंबर २०२४

मुकुल,

मिळालं. तेवीस नंबर मिळालं. तीनदा लिहून खोडलं, आता नीट सांगते.

दशरथला शोधायला पाच महिने गेले. त्याने फुटपाथ सोडून दहिसरला दुकान टाकलंय. इंजिनं सुटी सुटी विकली म्हणाला, गिऱ्हाइकं कशी आठवणार? पण एक आठवत होतं. गोराईची एक म्हातारी, ख्रिसमसच्या आधी येऊन चांदीसारखं आहे म्हणून रुपेरी घेऊन गेली. पुढच्या वर्षी रूळ मागायला परत आली होती, ते नव्हते म्हणून चिडली. गोराईत फिलोमिनाबाई म्हणून विचारा, म्हणाला.

काल सुशांत आणि मी गेलो. घोडबंदरवरून बस, मग रिक्षाने जेट्टी. तुझ्या घरापासून जेट्टी दहा मिनिटं आहे, मला माहीत आहे. आम्ही तुझ्या सोसायटीच्या गेटसमोरून गेलो. सुशांतने विचारलं, थांबायचं? मी म्हटलं, आधी बोट.

गोराईत चर्चच्या मागे तिसरं घर. अंगणात बोंबील वाळत होते. म्हातारी ऐंशीच्या पुढची, कान तिखट. मी म्हटलं, एक रुपेरी गाडी आहे का तुमच्याकडे? तिने आम्हाला सरळ आत नेलं. कोपऱ्यात येशूच्या जन्माचा गोठा मांडायला घेतला होता. गवत, मातीच्या मेंढ्या, आणि एका पाटावर बाबांचं इंजिन. मागे काडेपेट्यांचे तीन डबे आणि प्रत्येकात एक मातीचा राजा.

“बाळ येशूला बघायला राजे लांबून येतात ना,” ती म्हणाली. “उंटाचा पाय तुटला त्या वर्षी. मग गाडीने आणले. आता पोरं उंट लावूच देत नाहीत.”

मी उलटं केलं. २३. अंग तसंच लखलखीत, पण चाकं हिरवी पडलेली. समुद्राच्या हवेने. मोटर अडकलेली.

तिला सगळं सांगितलं. या वेळी खोटं एकही नाही. मग तिने राजे उतरवले, इंजिन पदराने पुसलं आणि माझ्या हातात ठेवलं. “बापाची वस्तू आहे. ने.”

मुकुल, मला हवं होतं. पर्समध्ये ठेवायला रुमालसुद्धा काढला. तेवढ्यात तिची पणती शाळेतून आली आणि दारातच उभी राहिली. “आजी, राजांची गाडी कुठे नेतात?” म्हणून विचारलं. तिला काय सांगणार?

मी म्हटलं, दुरुस्तीला नेतेय. पंचवीस तारखेला आणून देते, आणि या वर्षी ती धावेल.

सुशांत बोटीवर म्हणाला, “काकू, जपानात लोक यासाठी जीव टाकतात.” मी म्हटलं, चाकं मिळतील का ते सांग.

चाकं सुशांतच्याच सुट्या भागांच्या डब्यात निघाली. आज दिवसभर आम्ही मोटर खोलून बसलो होतो. मोटरमधला कार्बनचा बारीक तुकडा मी बदलला, या हाताने, भिंगाखाली. पहिल्यांदा ते नुसतं गुरगुरलं. दुसऱ्यांदा एक वीतभर गेलं. शेवंतीबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं, “चाललां काय?” आणि ते चाललं. आम्ही दोघं येड्यासारखे त्याच्यामागे गुडघ्यांवर.

पंचवीसला दुपारी चारला गोराईत रूळ मांडणार आहोत. तुला काही म्हणत नाही. बोट दर थोड्या वेळाने असते.

सुनंदा


मुलुंड पूर्व
२७ डिसेंबर २०२४

मुकुल,

काल तू फोन केलास, परवा भेटलो, तरी लिहितेय. बोटीवर मी गप्प राहिले, त्याचा तू भलता अर्थ काढू नयेस म्हणून.

आधी चांगलं. तू गंधालीला घेऊन आलास. ती नऊ वर्षांची होती मी शेवटची पाहिली तेव्हा, आता माझ्याहून उंच. तू दारात बूट काढत होतास आणि मी आत पालथी पडून रूळ जोडत होते. तू “ताई” म्हणालास आणि माझ्या हातातला सांधा निखळला. तुला बसायला सांगायचं सोडून मी म्हटलं, ते टोक धर. तू धरलंस. आपण पाच मिनिटं रूळ जोडले. मग बटण फिरवलं आणि तीन राजे गोठ्याला फेरी मारून आले. सगळी आळी आत आली होती. फिलोमिनाबाई पोरांना ओरडत होती, मेंढ्या सांभाळा, मेंढ्या सांभाळा. तू भिंतीला टेकून बघत होतास आणि तुझे डोळे भरले होते. मी नाताळच्या कुलकुलच्या फराळाची ताटली घेऊन तुझ्याकडे यायचं टाळलं, ते त्यासाठी.

आता बोटीवरचं. गंधाली पुढे जाऊन उभी राहिली आणि तू म्हणालास, “ताई, खरं सांगू? खोके गेल्याचं कळलं तेव्हा मला बरं वाटलं.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. इंजिनचा आवाज होता.

“बाबा मलाही ओळखत नव्हते,” तू म्हणालास. “शेवटच्या तीन खेपांना ते मला कंपनीतून आलेला माणूस समजले. मुकुलची वाट बघतोय म्हणाले. माझ्यासमोर. मी ते तुला सांगितलं नाही. मला तिथे यायची भीती बसली होती. तू खोके दिलेस आणि मला न यायला कारण मिळालं. तुझ्यावर चिडणं सोपं होतं.”

मी काही बोलले नाही, कारण मी हिशोब लावत होते. अकरा वर्षं मी धरून चालले की तुझं नाव त्यांच्या डोक्यात होतं आणि तू समोर आलास की त्यांना कळायचं. त्याच रागात मी खोके भरले. आणि तू खाली उभा राहून, जिना चढायचा की नाही, असा विचार करायचास. हे तू तेव्हाच मला सांगितलं असतंस तर? आपण दोघं मिळून त्या कपाटासमोर बसलो असतो. कंपनीचा माणूस आणि अनोळखी बाई. बाबांनी दोघांनाही इंजिनं दाखवली असती. ते पाहुण्यांना नेहमी दाखवायचे.

जेट्टीवर उतरल्यावर तू घरी चल म्हणालास आणि मी बस चुकेल म्हणाले. बस चुकत नव्हती. मला राग आला होता. तुझा आला होता, आणि तो असा आला होता की मला माझ्या माफीचं काय करायचं ते कळेना. बसमध्ये बसले तेव्हा हसूही आलं. शेजारची बाई सरकून बसली.

दोन दिवस मी भांडी घासताना तुझ्याशी भांडतेय. मोठ्याने. तुझी बाजूही मीच बोलते आणि ती तू नीट मांडत नाहीस. म्हणून रविवारी तू स्वतः ये आणि मांड. गंधालीला आण, तिला किंतारो बघायचाय असं तिने मला तीनदा सांगितलंय. सुशांतलाही बोलावलंय, पण तो चारनंतर येईल, त्याच्या आत आपलं काय ते बोलून होईल. राग थोडा उरला तर उरू दे, रूळ मांडायला त्याची अडचण होत नाही, हे परवा बघितलंच.

मी मटार उसळ करणार आहे. साडेबारापर्यंत या. लिफ्टचं काम काढलंय, चार मजले चढावे लागतील, सावकाश या.

ताई